भाऊंचं कपाट सदाच्या हौदात

भाऊंनी घरातलं लोखंडी कपाट पाण्यात सोडायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या मनात कोणाविषयीही वाईट नव्हतं. कपाटाविषयी तर मुळीच नव्हतं. एकेचाळीस वर्षं ते कपाट त्यांच्या माजघरात उभं होतं, आणि शेजारच्या सदाप्रमाणे त्याने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

भाऊ म्हणजे सुरूपाखाडीचे भाऊ. रेवदंड्याच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांत हे गाव इतकं दडलेलं आहे की अलिबागहून येणारे रिक्षावाले हमखास एक वळण पुढे जातात. भाऊंनी अलिबागेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वाडी सांभाळायची ठरवली. वाडीला त्यांची गरज नाही हे पहिल्या महिन्यातच दोघांच्याही लक्षात आलं. मग दर शनिवारी सकाळी ते गावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायला जाऊ लागले. पगार नाही, मानधन नाही. मुख्याध्यापिका क्षिप्राबाई एक चहा द्यायच्या आणि साखर विचारून घालायच्या, एवढ्यावर भाऊ खूश होते.

शिकवायची त्यांची पद्धत एकच. जे सांगायचं ते हातात द्यायचं. घनता शिकवायची तर एका हातात रव्याचा लाडू, दुसऱ्या हातात तेवढाच चुरमुऱ्याचा लाडू. जागा सारखीच, माल कमीजास्त, झाली घनता. धडा संपला की घनता खाऊन टाकायची. बटाटा गोड्या पाण्यात बुडतो आणि मिठाच्या पाण्यात तरंगतो, हे त्यांनी इतक्या वेळा दाखवलं होतं की घरातल्या भाजीत वेगळं मीठ घालायची गरज उरली नव्हती, असं त्यांच्या पत्नी गोदावरीबाई म्हणत. अणू शिकवताना तर अख्खा वर्गच अणू व्हायचा. स्थायू म्हणजे खांद्याला खांदा लावून जागच्या जागी थरथरायचं, द्रव म्हणजे एकमेकांना चिकटूनच इकडेतिकडे सरकायचं, आणि वायू म्हणजे मोकाट. एकदा वायू झालेली तीन मुलं खिडकीतून बाहेर पडली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा द्रव झाली नाहीत.

वहीच्या बाबतीत मात्र भाऊ कडक. प्रत्येक मुलाच्या वहीत पानाचे दोन भाग. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'ऐकलं'. स्वतः मोजलं, तोललं, डोळ्यांनी बघितलं, तरच डावीकडे लिहायचं. बाकी सगळं उजवीकडे; मग ते पुस्तकात असो, टीव्हीवर असो की खुद्द भाऊंनी सांगितलेलं असो. "मीसुद्धा उजवीकडेच," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. त्यात त्यांना एक प्रकारचा मोठेपणाही वाटे. हा मोठेपणा त्यांना पुढे किती महागात पडणार होता, ते येईलच.

तर शाळेला त्या वर्षी पाच टॅब मिळाले. टॅबमध्ये एक खेळ होता. पडद्यावर पाण्याची टाकी, कडेला लाकूड, बर्फ, लोखंड, सोनं. बोटाने ओढून टाकीत टाकायचं आणि काय होतं ते बघायचं. भाऊंना टॅबचा राग आला असेल असं कोणाला वाटेल, पण उलट ते पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावरही तासभर सोनं बुडवत बसले होते. "एरवी सोनं बुडवायची आपली काय ऐपत!" असं म्हणत होते.

अडचण निघाली ती साक्षीकडून. साक्षी म्हणजे आतल्या भातशेतीच्या गावाहून रोज अडीच किलोमीटर चालत येणारी मुलगी. बोलायची कमी, पण बोलली की भाऊंना खडू खाली ठेवावा लागे. ती म्हणाली, "भाऊ, टॅबमंदी लोखंड बुडतंय."

"बुडणारच."

"मग मांडव्याची रो-रो बोट कशी न्हाय बुडत? ती पन लोखंडाची हाय. वर गाड्या घेते, मान्सं घेते."

भाऊंना आनंदाने घाम फुटला. छत्तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना स्वतःलाच विचारावा लागला होता. त्यांनी तिथल्या तिथे शाळेतलं मोठं घंगाळ भरून आणलं, एक पत्र्याचा डबा तरंगवला, तोच डबा चेपून बुडवला, आणि "लोखंड तेच, जागा कमी झाली!" असं ओरडत घंगाळाभोवती फिरताना त्यांचा पाय घंगाळाच्या कडीत अडकला. नेमके त्याच क्षणी तालुक्याचे शिक्षण विभागातले साहेब तपासणीला दारात उभे राहिले.

पाणी आपली पातळी स्वतः शोधतं, हा नियम त्या दिवशी साहेबांच्या बुटांत सिद्ध झाला.

साहेब माणूस वाईट नव्हता. मोजे पिळून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आता टॅब आलेत. टॅबमधलं पाणी सांडत नाही. पुढच्या महिन्यापासून शनिवारी टॅबवरच शिकवू या. त्यासाठी बाहेरच्या माणसाची गरज नाही, बाई घेतील तास."

बाहेरचा माणूस! भाऊ या गावात जन्मले होते. ज्या शाळेत उभं राहून साहेब हे बोलत होते तिच्या भिंतीवर भाऊंच्या आजोबांच्या नावाची फरशी होती. अर्थात ती पाणपोईवर असल्यामुळे तीसुद्धा ओलीच होती.

"साहेब," भाऊ म्हणाले, "टॅब हवाच. पण टॅबमध्ये जे दिसतं ते खऱ्या पाण्यात ताडून बघायची सवय गेली, तर मुलं पडद्यालाच समुद्र समजतील. एक संधी द्या. ही मुलं एका मोठ्या लोखंडी वस्तूचं माप घेतील, टॅबवर नि कागदावर गणित करतील, आणि ती पाण्यात किती सेंटिमीटर बुडेल ते आधी लिहून देतील. बरोबर आलं तर शनिवार माझा."

"किती बरोबर?"

"अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे."

"कसली वस्तू?"

भाऊंनी घरातलं काय काय लोखंडी आहे ते क्षणभर मनात फिरून पाहिलं आणि म्हणाले, "कपाट."

गोदावरीबाईंना ही बातमी भाऊ घरी पोचायच्या आधीच मिळाली होती. "कपाट?" त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरचं?"

"अगं, रिकामंच तर आहे. नवीन आल्यापासून त्यात काय ठेवतेस? जुन्या पत्रिका आणि डांबराच्या गोळ्या."

"आणि तो चोरकप्पा?"

"त्याची किल्ली हरवून अकरा वर्षं झाली. आत काय असणार? रिकामा."

गोदावरीबाई काहीतरी बोलणार होत्या. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, आणि त्या जरा जास्तच घाईने आत गेल्या.

पुढचे दोन शनिवार सातवीचा वर्ग भाऊंच्या माजघरात भरला. कपाट ठेंगणं होतं, छातीएवढं. उंची एकशे पंचवीस सेंटिमीटर, रुंदी साठ. मुलांनी पट्ट्या लावल्या, गावातल्या सुजितच्या गॅरेजमधून पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र आणलं, आणि फळ्या, बिजागऱ्या, मुठी, सगळं लिहून काढलं. एक घन सेंटिमीटर लोखंडाचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या वर थोडंसं, हे त्यांनी आधीच एका मोठ्या बोल्टावर ताडून पाहिलं होतं. सगळा गुणाकार-बेरजेचा खटाटोप होऊन कपाटाचं वजन भरलं तीस किलो. आडवं तरंगवलं तर तळाची जागा साडेसात हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकेक सेंटिमीटर बुडताना ते साडेसात किलो पाणी बाजूला सारणार. तीस किलोला चार सेंटिमीटर. टॅबवर साक्षीने पोकळ पेटी बनवून पाहिली. टॅबही चारच म्हणाला.

साक्षीच्या वहीत डावीकडचा रकाना दोन पानं खाली गेला. उजवीकडे फक्त एक ओळ होती: 'चोरकप्पा रिकामा. (भाऊ म्हणाले.)'

भाऊंनी ती ओळ वाचली, कौतुकाने मान हलवली आणि सही केली. माणूस स्वतःच्या हाताने काय काय करतो!

आता पाणी हवं होतं. पहिला विचार खाडीचा. खाडीत काही सोडायचं तर परवानगी लागते म्हणून भाऊ अलिबागला एका कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने एक अर्ज पुढे केला. नौकेचं नाव, बांधणीचं साल, इंजिनाची अश्वशक्ती, जाळ्याचा प्रकार.

"ही नौका नाही," भाऊ म्हणाले. "कपाट आहे."

"पाण्यावर तरंगणार ना?"

"तरंगणार."

"मग नौका. नाव लिहा."

भाऊंनी जरा विचार करून 'गोदावरी' लिहिलं. कारकुनाने अर्ज वाचला. "इंजिन नाही, शीड नाही, वल्हं नाही. मग आहे काय?"

"दोन दारं. एकाला आरसा."

कारकून अर्ज घेऊन आत गेला. बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा सरकारी झाला होता. "नौकेची तपासणी होईल. तपासनीस पुढच्या महिन्यात येतात. चार लाइफ जॅकेट तयार ठेवा."

पुढच्या महिन्यात शनिवार टॅबचा होणार होता. भाऊ गावच्या तळ्याकडे वळले. ग्रामसेवक सज्जन. त्याने नियमांचं बाड काढलं आणि म्हणाला, "भाऊ, तळ्यात विसर्जनाची परवानगी देता येते."

"विसर्जन नाही करायचं. तरंगवायचं आहे."

"बुडवायची सोय आहे. तरंगवायची नाही. तुम्ही अर्जात विसर्जन लिहा, मी देतो."

"म्हणजे कपाट बुडलं पाहिजे?"

"नाही बुडलं तर तो नियमभंग. पण कोण बघतंय?"

भाऊंच्या विज्ञाननिष्ठेला हे पटलं नाही. तरंगणाऱ्या वस्तूसाठी बुडण्याचा खोटा अर्ज! मग त्यांनी मुंबईकरांच्या एका बंगल्यातला पोहण्याचा तलाव विचारून पाहिला. तिथला माणूस म्हणाला की साहेबांना गंजाचा डाग चालत नाही; साहेब स्वतःही त्यात वर्षातून दोनदाच उतरतात.

एव्हाना गावाला विषय मिळाला होता. रिक्षास्टॉपवर भाऊ दिसले की सल्ला तयार. कोणी म्हणे, आत थर्माकोल भरा, कोणाला कळतंय. कोणी म्हणे, अमावास्या टाळा. पलीकडच्या आळीतल्या केसरवहिनींनी निरोप पाठवला की त्यांच्याकडे प्लास्टिकचं कपाट आहे, ते हमखास तरंगेल. रेवदंड्याच्या येसाजीने तेवढी कामाची गोष्ट केली. आयुष्यभर होड्यांच्या फटी बुजवलेला माणूस. त्याने कपाटाच्या सांध्यांतून बोट फिरवलं, "ही होडी न्हाय, चाळन हाय" असं म्हणाला, आणि दिवसभर बसून फटींना डांबर भरलं. साक्षीने डांबराचा डबा आधी आणि नंतर तोलून सव्वा किलो डावीकडे लिहिलं, आणि तेवढ्याच वजनाची एक सुटी फळी काढून तीसचा आकडा कायम ठेवला.

आता गावात एकच पाणी उरलं होतं. सदाचा हौद.

इथे थोडं थांबून सदाबद्दल सांगायला हवं. सदा म्हणजे भाऊंचा कुंपणाला कुंपण लागून असलेला शेजारी आणि बिगरीपासूनचा सोबती. दोघांनी एकाच माडावरून पडून एकच हात मोडून घेतला होता. म्हणजे दोघांचेही डावे. पण अकरा वर्षांपूर्वी भाऊंच्या मुलाला, वरदला, मुलगी झाली. तेव्हा बाळंतिणीची सुंठ कुटायला गोदावरीबाईंनी सदाच्या घरून लोखंडी खलबत्ता आणला. सदाच्या आईचा खलबत्ता. दोन महिन्यांनी सदाने तो मागितला. भाऊ म्हणाले, परत केला. सदा म्हणाला, न्हाय केला. पुढे सुपारी बागायतदारांच्या सभेत विषय खताचा चालू असताना सदाने खलबत्त्याचा काढला, आणि भाऊंनी उभं राहून साठ माणसांसमोर सांगितलं, "मी विज्ञानाचा माणूस आहे. खात्री असल्याशिवाय बोलत नाही. खलबत्ता परत गेलेला आहे."

त्या दिवसापासून सदा त्यांना 'भाव' म्हणायचा थांबला आणि 'मास्तर' म्हणू लागला. 'तू'चं 'तुमी' झालं. यापेक्षा शिवी बरी.

भाऊ कुंपणापाशी गेले. सदा हौदावर पाय सोडून सुपाऱ्या सोलत होता.

"सदा, मुलांसाठी एक काम होतं."

"हौद पायजे ना? कळलंय." सदाने वर बघितलं नाही. "घ्या की मास्तर. हौद घ्या, पानी घ्या. फकस्त परत करा. आमच्या घरची वस्तू तुमच्याकडं गेली की ती मुक्कामालाच राहते."

भाऊ तिथूनच परत फिरणार होते. पण मुलांचं गणित होतं, साहेब शनिवारी येणार होते. त्यांनी अपमान गिळला. आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर त्याची घनता फार होती, तो थेट तळाशी गेला.

शनिवारी सकाळी चार माणसं कपाट उचलायला आली. तीस किलोचं कपाट चौघांनी लीलया न्यायला हवं होतं. पण एका टोकाचा गडी ओरडला, "भाऊ, माझ्या बाजूला जड हाय जरा!"

"लोखंड आहे ते. कापूस नव्हे," भाऊ म्हणाले. पोटच्या पोराकडे बघावं तसे ते कपाटाकडे बघत होते. गोदावरीबाई पाठोपाठ आल्या. एरवी त्या सदाच्या वाडीत पाऊल टाकत नसत.

हौदाभोवती गाव गोळा झालं. क्षिप्राबाई, सातवीचा वर्ग, साहेब. साहेब या खेपेला चपला घालून आले होते आणि हौदापासून चार हात लांब उभे होते. येसाजीने नारळ फोडला. भाऊंनी छोटंसं भाषण केलं. साहेबांनी विचारलं, "मुलांचं उत्तर काय?" साक्षीने वही उघडून मोठ्याने वाचलं, "खाडीत सोडलं असतं तर खाऱ्या पान्यानं एक मिलिमीटर जास्त उचललं असतं. हौदाचं पानी गोडं. चार सेंटिमीटर."

दोरांवरून कपाट पाण्यात उतरलं.

तरंगलं! लोखंडाचं, एकेचाळीस वर्षांचं, आरसा आकाशाकडे करून तरंगलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आरशात माडाच्या झावळ्या हलताना दिसत होत्या. भाऊंनी सदाकडे बघितलं नाही. पण सदाला दिसेल अशा बेताने उभे राहिले.

मग ते कपाट हळूहळू डोक्याच्या बाजूने खाली कलायला लागलं. बुडालं नाही. नुसतंच कललं, आणि एखाद्या पाहुण्याने पाटावर एका कुल्ल्यावर बसावं तसं वाकडं स्थिर झालं.

साक्षी पट्टी घेऊन कडेला पालथी पडली. डोक्याकडच्या बाजूला आठ सेंटिमीटर. पायाकडच्या बाजूला तीन. दोन्हींची सरासरी साडेपाच.

"चार म्हणाला होतात," साहेब म्हणाले.

सदाच्या सुपारीच्या अडकित्त्याचा तेवढा आवाज झाला.

"पाणी आत शिरलं असेल," क्षिप्राबाई म्हणाल्या. येसाजीने दार उचलून आत हात फिरवला आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "थेंब न्हाय बाई. माझं डांबर हाय ते."

साहेब समजूतदारपणे म्हणाले, "पत्र्याची जाडी मोजताना चूक झाली असेल. मुलं आहेत. चालायचंच. म्हणून तर टॅब बरा, त्यात असं होत नाही."

साक्षी वहीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "गनित बरोबर हाय."

"अगं, पण पाणी काय सांगतंय?"

"पानी पन बरोबर हाय." तिने बोटांवर मोजलं. "दीड सेंटिमीटर जास्त बुडलंय. एका सेंटिमीटरला साडेसात किलो. म्हंजे सव्वाअकरा किलो. कपाटात सव्वाअकरा किलोचं कायतरी हाय, आनि ते डोक्याकडं हाय."

"डोक्याकडे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"चोरकप्पा. पन तो रिकामा हाय. भाऊ म्हणाले."

आणि तेव्हा गोदावरीबाई मधे बोलल्या. "अहो, राहू दे ना आता. चुकतं गणित एखादं. मुलं केव्हाची उन्हात आहेत. चला सगळे, मी चहा टाकते."

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या संसारात पाहुण्यांसाठी चहा त्यांना स्वतः सांगावा लागे. गोदावरीबाईंनी चाळीस माणसांना आपणहून चहाला बोलावल्याचं त्यांना आठवेना. त्यांच्या पदराचं टोक पिळून पिळून सुतळी झालं होतं. सव्वाअकरा किलो. अकरा वर्षं. हरवलेली किल्ली. विज्ञानाच्या माणसाला एवढं पुरेसं होतं.



वाट मोकळी होती. साहेबांनीच ती करून दिली होती. 'पत्रा जाड निघाला असेल' एवढं म्हणायचं, चहा प्यायचा, कपाट घरी न्यायचं. शनिवार जाईल, पण साठ माणसांसमोर दिलेला शब्द राहील. सदासमोर मान ताठ राहील.

त्यांची नजर साक्षीवर गेली. तिने कंपासपेटीतून खोडरबर काढला होता. दोन आठवडे मोजून, ताडून, टॅबवर आणि बोल्टावर पडताळून लिहिलेला तो चार ती खोडायला लागली होती. मोठी माणसं चहाला निघाली होती ना. म्हणजे तिचंच चुकलं असणार.

"साक्षी," भाऊ म्हणाले, "खोडू नकोस."

"पन भाऊ..."

"डावीकडचं खोडायचं नसतं. उजवीकडची ओळ वाच. मोठ्याने."

"चोरकप्पा रिकामा. भाऊ म्हणाले."

"भाऊंनी उघडून बघितला होता?"

साक्षी जरा घुटमळली. "न्हाय."

"मग ती ओळ कुठल्या बाजूला आहे?"

"ऐकलं."

"येसाजी," भाऊ म्हणाले, "पटाशी आण."

"अहो!" गोदावरीबाई म्हणाल्या.

"आण, येसाजी."

कपाट कडेला ओढलं. दार उघडलं. येसाजीने चोरकप्प्याच्या फटीत पटाशी घातली आणि वर दोन घाव घातले. झाकण कुरकुरत उघडलं. आतून एक जुन्या नऊवारीचं गाठोडं निघालं. गाठोडं इतकं जड होतं की येसाजीने ते दोन्ही हातांनी काढलं, आणि सुटलेल्या पदरातून काळा लोखंडी खलबत्ता सगळ्या सुरूपाखाडीकडे बघायला लागला.

तिकडे कपाट हलकं होऊन पाण्यावर सरळ झालं. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. साक्षीचं होतं. ती पुन्हा पालथी पडली आणि ओरडली, "चार! दोन्ही बाजूंनी चार!"

सदा उठला. अडकित्ता खाली ठेवला. खलबत्त्यापाशी येऊन त्याने कडेची एक खाच बोटाने चाचपली. त्याच्या आईच्या हातून जोत्यावर आपटून झालेली.

"नामकरणाला घर पाहुण्यांनी भरलं होतं," गोदावरीबाई म्हणाल्या. "दुसऱ्याची वस्तू, हरवू नये म्हणून मीच गुंडाळून कुलपात ठेवला. मग किल्लीच सापडेना. सांगणार होते. तेवढ्यात हे सभेत बोलून आले. मग सांगायचं कसं? साठ माणसं होती हो. यांचा शब्द खाली पडला असता."

"म्हणून तू अकरा वर्षं माझा शब्द कुलपात ठेवलास," भाऊ म्हणाले. मग ते सदासमोर उभे राहिले. "सदा, खलबत्ता तुझा आहे. परत गेला नव्हता. मी न बघता बोललो. साठ माणसांसमोर बोललो. आज इथे चाळीसच आहेत, उरलेल्या वीसजणांना घरी जाऊन सांगेन."

सदाने घरातून सुपारी तोलायचा काटा आणला, गाठोड्यासकट खलबत्ता त्यावर ठेवला, आणि साक्षीला म्हणाला, "बघ गं पोरी. तूच वाच."

"अकरा किलो दोनशे."

"म्हणजे गणित बरोबर आलं," साहेब म्हणाले. ते कधी हौदाच्या काठाशी येऊन उभे राहिले होते ते त्यांनाही कळलं नव्हतं, आणि त्यांची एक चप्पल चिखलात रुतली होती.

"न्हाय साहेब," साक्षी म्हणाली. "पन्नास ग्रॅम चुकलं."

साहेबांनी वही मागून घेतली, दोन्ही रकाने सावकाश वाचले आणि क्षिप्राबाईंना म्हणाले, "शनिवार यांचाच राहू द्या. फक्त घंगाळाच्या कड्या काढून टाका."

सदा खलबत्ता काखेत मारून घराकडे निघाला. चार पावलं गेल्यावर न वळताच म्हणाला, "भाव, कपाट आजचा दिस असू दे हौदात. पोरांना खेळू दे. पन उद्या घेऊन जा. न्हायतर मी सभेत विषय काढीन."

'भाव'. भाऊंनी तो शब्द ऐकला आणि कोणी बघत नाहीसं पाहून चष्मा पुसला.

महिन्याभराने गोदावरीबाईंना कफावर सुंठ कुटायची होती. मिक्सरने सुंठेचा वास जातो असं त्यांचं ठाम मत. भाऊ कुंपणापाशी गेले आणि सदाकडे खलबत्ता मागितला. सदाने तो लगेच आणून कुंपणावर ठेवला. मात्र आधी त्याने शाळेत जाणाऱ्या साक्षीला हाक मारून थांबवलं, तिला वही काढायला लावली, आणि डावीकडच्या रकान्यात तिच्याकडून लिहून घेतलं: 'खलबत्ता भाऊंनी नेला. पाहिलं.' खाली परत आणल्याच्या ओळीसाठी जागा रिकामी सोडायला सांगितली.

भाऊंनी खलबत्ता शाळा सुटायच्या आत परत केला. सुंठ निम्मीच कुटून झाली होती.